एकाच जीवाने व्यापलेला ग्रह: आधी त्याचं पोट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंतराळातल्या स्ट्रॅटेजी गेमसाठी तुम्ही सहा ग्रह केलेत आणि प्रत्येकावर एकाच जीवाचं राज्य आहे. एक बुरशीचा, एक गवताचा, एक मुंग्यांसारख्या किड्यांचा, असे. चित्रं झकास जमलीत. पण खेळून बघणारे मित्र म्हणतात, "सगळे सारखेच वाटतात, रंग तेवढे वेगळे." म्हणून तुम्ही विचारताय, जीव आणखी विचित्र करू का?

नका करू. सहाही ग्रहांवर खेळणारा एकच काम करतोय: उतरतो, समोरचं साफ करतो, खाण लावतो, पुढे जातो. समोर बुरशी असो की किडे, बटणं तीच दाबली जातात. किड्यांना आणखी चार डोळे लावलेत तरी यात काही फरक पडणार नाही.

मी साधारण पंधरा वर्षं गेम डिझाइन करतोय. आधी पुण्यात नोकरी, २०२० पासून वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून. लाईन असली की लॅपटॉप, गेली की वावर. तुमच्यासारखा ग्रह मीही एकदा केला होता. सगळीकडे समुद्र आणि त्यावर एकच शेवाळ, रात्री चमकणारं. चित्रकार त्यावर तीन महिने बसला होता. खेळणारे आले, "वा" म्हणाले, स्क्रीनशॉट काढला आणि पुन्हा फिरकले नाहीत. त्या ग्रहावरून मिळायचं काय, तर दर टर्नला, म्हणजे खेळणाऱ्याच्या प्रत्येक पाळीला, अन्न अधिक दोन. तेवढं शेजारच्या ओसाड गोळ्यावरही मिळायचं.

आता, पुढे जे लिहितोय ते टर्नवर चालणाऱ्या, घरं पाडलेल्या नकाशाच्या गेमला धरून आहे. तुमचा गेम रिअल टाइम, म्हणजे पाळ्या न पाडता सलग चालणारा, असेल तर आकडे सगळे बदलतील. आणि खेळणारा एका ग्रहावर जेमतेम दहा मिनिटं घालवणार असेल तर यातलं निम्मंच घ्या. दहा मिनिटांत माणूस एक नियम शिकतो. दुसरा शिकवायला गेलात की पहिलाही हातचा जातो.

पहिला निर्णय असा: तुमचा जीव त्या ग्रहावर एकटा आहे, की वरचढ आहे? हे दोन फार वेगळे ग्रह होतात.

खरोखर एकट्याने राहणारा जीव पृथ्वीवर सापडलेला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली २.८ किलोमीटरवर, खडकाच्या भेगेतल्या पाण्यात. त्याचा जनुकीय अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्या पाण्यातले ९९.९ टक्क्यांहून जास्त सूक्ष्मजीव एकाच जातीचे निघाले, नाव डिसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर. तिथे ऊन नाही, प्राणवायू नाही. खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्सर्गाने पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रोजन सुटतो, त्याच्या जोरावर हा जगतो. कार्बन आणि नायट्रोजन बांधायचं कामही स्वतःच करतो. म्हणजे शेती, स्वयंपाक, धुणीभांडी सगळं एकाच्याच अंगावर. मग तो जगतो कसा, तर पेन्शनवरच्या कंजूष म्हाताऱ्यासारखा. हळूहळू, थोडक्यात. त्याच्या ग्रहावर तुम्हाला घनदाट काही दाखवताच येणार नाही.

बाकी जे महाकाय जीव गाजलेत ते वरचढ आहेत, एकटे नाहीत. अमेरिकेत ओरेगॉनच्या जंगलात आर्मिलारिया नावाची एकच बुरशी साडेनऊ चौरस किलोमीटरवर पसरलीय. पण ती जगते झाडं मारून. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये समुद्री गवताचं एकच रोप १८० किलोमीटर पसरलेलं असल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. त्याच्या आडोशाने मासे, कासवं, कितीतरी जीव राहतात. तेव्हा भरगच्च ग्रह हवा असेल तर मेलेलं कुजवणारं आणि कुजलेलं परत वर आणणारं कुणीतरी लागणारच. हे नोकरचाकर पडद्यावर दाखवू नका हवं तर, पण तुम्हाला ते ठाऊक पाहिजेत. खेळणाऱ्याचं सगळ्यात चांगलं हत्यार बहुतेक वेळा त्यांच्यातच लपलेलं असतं.

दुसरी गोष्ट पोटाची, आणि माझ्या मते खरी तीच. तुमच्या बुरशीच्या ग्रहाचं घेऊ. बुरशी स्वतःचं अन्न स्वतः करत नाही, दुसऱ्याचं खाते. मग ग्रहभर बुरशीच असेल तर ती खाते काय? तुमच्या वर्णनात याचं उत्तर नाही, आणि सगळे ग्रह सारखे वाटायचं मूळ इथे आहे.

एक उत्तर असं: तिथे आधी जंगल होतं, ते मेलं, आणि बुरशी आता त्याची तेरवी जेवतेय. म्हणजे साठा ठरलेला आहे आणि रोज कमी होतोय. लगेच खेळणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो. लवकर उतरलं तर लाकूड भरपूर, पण बुरशीही माजलेली. थांबलं तर बुरशी उपाशी पडून विरळ होते. मात्र उपाशी बुरशी तुमच्या गोदामातलं धान्य, दोर, कापड काही सोडत नाही. कधी उतरायचं, हाच तो ग्रह.

दुसरं उत्तर: ती नुसती बुरशी नाही, दगडफूल आहे. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं तेच. बुरशी आणि शेवाळ यांचा भागीदारीतला संसार. शेवाळ उन्हावर अन्न करतं, बुरशी घर आणि ओलावा देते. आता खेळणाऱ्याने बुरशीवर कितीही फवारणी केली तरी ती पुन्हा उगवेल, पण कक्षेत मोठा पडदा लावून सावली पाडली तर शेवाळ मरेल आणि दहा टर्नमध्ये बुरशी आपोआप बसेल. वरून दोन्ही ग्रह हुबेहूब सारखे दिसतात, आणि दिसू द्या. ओळखायचे कसे, हे शोधण्यातच खेळणाऱ्याचे पहिले पाच-सहा टर्न मजेत जातात.

खाण्याच्या मागोमाग विष्ठा. जे ग्रहभर एकच आहे, त्याची घाणही ग्रहभर एकच असते. पृथ्वीवर हे सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी घडलंय. सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्मजीव उन्हावर जगायचे आणि प्राणवायू टाकून द्यायचे. त्या काळच्या बहुतेक जीवांसाठी तो विषच होता. समुद्रात विरघळलेलं लोखंड प्राणवायूने गंजून तळाशी बसत गेलं आणि त्याचे पट्टेदार खडक झाले. गडचिरोलीत सुरजागडला ज्या लोहखनिजावरून एवढी वर्षं वाद चाललाय, ते याच जातीच्या पट्टेदार खडकांतलं. गेममध्ये याचा उपयोग असा की खनिज नकाशावर मूठभर फेकल्यासारखं टाकू नका. जीव कुठे राहिला, त्याने काय टाकलं, ते कुठे साचलं, या क्रमाने टाका. मग खनिजाचा नकाशा वाचता वाचता खेळणाऱ्याला त्या जीवाचा इतिहासही कळतो, संवादाची एक ओळ न लिहिता.

तिसरी गोष्ट वेग. "संपूर्ण ग्रह म्हणजे एकच मन" असं तुम्ही दोन ग्रहांच्या बाबतीत लिहिलंय. इथे जरा गणित करा. लाजाळूला हात लावला की पानं मिटतात; तो निरोप झाडातून सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर वेगाने जातो. तीन धरा. या वेगाने निरोप वर्षभरात साधारण ९५० किलोमीटर जाईल. पृथ्वीएवढ्या ग्रहाचा घेर ४०,००० किलोमीटर, म्हणजे या टोकाला चिमटा काढला तर बरोबर पलीकडच्या बाजूला तो कळायला २१ वर्षं लागतील. आपल्यासारख्या मज्जातंतूंचा वेग, सेकंदाला १०० मीटर धरला, तरी दोन दिवसांहून जास्त. ग्रहाएवढं एकच मन असेलच, तर ते फार मंद असणार.

ही अडचण समजू नका, हे घबाड आहे. एक टर्न म्हणजे एक वर्ष, एक घर म्हणजे ९५० किलोमीटर. झालं: निरोप एका टर्नला एक घर सरकतो आणि विषुववृत्तावर ४२ घरं बसतात. मी प्रत्येक घरासाठी तीनच आकडे ठेवतो: दाटी, अन्न आणि चीड. अन्न असेल तोवर दाटी एकाने वाढते आणि अन्न एकाने घटतं. दाटी सहाच्या वर गेली की शेजारच्या घरात पसरते. खेळणाऱ्याने खाण लावली की त्या घराची चीड पाच होते. पुढच्या टर्नला शेजारी चार, त्याच्या पुढे तीन, अशी ती विरत जाते. चीड असलेल्या घरात जीव खाणीवर चढतो. एवढंच. बाकी सगळं यातून आपोआप निघतं.

हे कोडमध्ये घालायच्या आधी मी अंगणात मांडलं. सारवलेल्या जमिनीवर खडूने आठ बाय आठ घरं, जीव म्हणून सरकी, अन्न म्हणून तुरीचे दाणे, खाणी म्हणून हरभरे, आणि चीड मोजायला बांगड्यांचे तुकडे. खेळायला गल्लीतले चार पोट्टे. पहिल्या दिवशी कोंबडीने अन्नसाठा संपवला, ते सोडा. दुसऱ्या दिवशी माझा अकरा वर्षांचा पुतण्या थोडा वेळ गप्प बसला आणि त्याने एकदम चारही कोपऱ्यांत हरभरे ठेवले. म्हणाला, "काका, एका जागी गेलो तं तो सारा तिकडे पयते. चारी कोपऱ्यांत घुसलो तं त्याले समजनच कायचं?"

बरोबर होतं पोराचं. चार टर्न तो सुखात खणत राहिला. माझा पहिला विचार, की हे बंद करायला पाहिजे. खाणींवर मर्यादा घालू, चीड दुप्पट करू. रात्री लाईन गेली होती, अंगणातच खाट टाकून पडलो होतो, तेव्हा सुचलं की बंद कशाला करायचं? दोन बाजूंनी आलेली चीड जिथे भेटते तिथे तिची बेरीज होऊ द्यायची. सकाळी पुन्हा मांडलं. या वेळी पुतण्याच्या चार लाटा मधोमध येऊन मिळाल्या, त्या चार घरांत चीड एकदम वाढली, आणि तिथून जी सरकी उसळली तिने चारही कोपरे साफ केले. पोरगं रडकुंडीला आलं आणि लगेच म्हणालं, "अजून एक डाव." आता मोठे खेळाडूसुद्धा त्या ग्रहावर आधी कागदावर अंतरं मोजतात, की लाटा भेटतील कुठे. मुख्य तळ कुठे नको, हे त्यावरून ठरतं. यातला एकही नियम त्या जीवाच्या दिसण्यातून आलेला नाही, हे लक्षात घ्या.

इथवरचं एका वाक्यात: एकटा की वरचढ, खातो काय आणि टाकतो काय, निरोप किती वेगाने जातो. एवढं ठरलं की सहापैकी चार ग्रह आपोआप वेगळे होतील. उरतं ते त्याला हरवायचं कसं. त्यावर जास्त लिहितो, कारण हा धडा आम्ही वावरात पैसे मोजून शिकलोय.

एकच जीव सगळीकडे असणं ही त्याची ताकद दिसते, पण त्याचा घातही त्यातच असतो. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा आला तेव्हा गरिबांच्या शेतात बहुतेक एकाच वाणाचा बटाटा होता, तोही कंदापासून लावलेला, म्हणजे एकमेकांची नक्कल. एक झाड पडलं की सगळी पडायची. आमच्याकडची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि गेमसाठी जास्त कामाची.

बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच्या अंगातच तयार करणाऱ्या वाणाला, २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढच्या काही वर्षांत विदर्भात दुसरी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं दुसरं झाड, दिसेनासं झालं. बियाण्याच्या पिशवीसोबत १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं, बिगर-बीटी सरकीचं. ते धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने लावायचं असायचं. आम्ही लावलं नाही. आमच्या बाबांचं म्हणणं, अळीला मुद्दाम जेवायला कोण घालतं? गावात जवळपास कुणीच लावलं नाही. त्यात कापूस बरा असला की फरदड घ्यायची. डिसेंबरात उपटायची पऱ्हाटी पाणी देऊन मार्च-एप्रिलपर्यंत उभी. गुलाबी बोंडअळी जगते मुख्यतः कापसावर. तिला उपास घडायचे ते महिनेही आम्ही भरून काढले. २०१७ च्या हंगामात बोंड वरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत किडलेली, पिवळी पडलेली रुई आणि टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र. आमच्या पाच एकरांत वेचणीची मजुरीसुद्धा निघाली नाही.

त्या १२० ग्रॅमचं कारण मला त्यानंतर नीट समजलं. बीटी खाऊनही जगणाऱ्या अळ्या सुरुवातीला फार थोड्या असतात. कडेच्या साध्या कापसावर साध्या अळ्या जगल्या, तर त्यांचे पतंग या थोड्यांशी जुळतात आणि होणारी पिढी बहुतेक पुन्हा बीटीला बळी पडते. साध्या अळ्याच उरल्या नाहीत, तर विष पचवणाऱ्या एकमेकींतच वाढतात.

आता हे ग्रहावर न्या. खेळणाऱ्याला विष द्या आणि ते जबरदस्त चालू द्या. पहिल्या तीन फवारण्यांत नकाशा मोकळा. पण त्याने सगळीकडे फवारलं, तर विष पचवणारं एखादं घर कुठेतरी उरतं आणि वीस टर्नमध्ये ग्रह पुन्हा भरतो, या वेळी विष न लागणाऱ्या जीवाने. पाचातलं एक घर मुद्दाम न फवारता सोडलं, तर विष टिकतं. म्हणजे जिंकायचं तर थोडा शत्रू पाळावा लागतो, आणि ऐन टंचाईत त्या सोडलेल्या घरातलं खनिज खुणावत राहतं. मी बघितलेल्या खेळाडूंपैकी बरेचजण पहिल्या डावात ती घरंही फवारून टाकतात. मी त्यांना हसत नाही.

इथे एक सुधारणा करून घ्या. तुमचा जीव एकच देह असेल, नकला काढून वाढणारा, तर जोडीचा मुद्दा लागू होत नाही. तिथे प्रतिकाराला किंमत लावा: विष पचवणारा जीव सावकाश वाढतो. मग न फवारलेल्या घरातला साधा जीव जोमाने वाढून त्याला मागे रेटतो. खेळणाऱ्याला नियम तोच दिसेल, पण खालचं कारण खरं राहील. आणि एखादा जीवशास्त्राचा मास्तर खेळायला बसला तर तुमची फजिती होणार नाही.

जीवाला मारण्यापेक्षा त्याची परिस्थिती बदलायची, हाही एक मार्ग खुला ठेवा. २०२० च्या जूनमध्ये बुलडाण्याच्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवत असेल. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात रमणाऱ्या गुलाबी सूक्ष्मजीवांनी सरोवर ताब्यात घेतलं. पावसाने पाणी वाढल्यावर रंग ओसरला. कुणी कुणाशी लढलं नाही. राजा कोण, हे पाण्याच्या पातळीने ठरवलं. तुमच्या समुद्री ग्रहावर असाच उंबरठा ठेवा. खेळणारा पाणी उपसून विकतोय, पैसा येतोय, आणि एका टर्नला खारटपणा अमुक आकडा ओलांडतो आणि ग्रहाचा मालक बदलतो. फक्त आकडा आधीपासून डोळ्यांसमोर दिसू द्या. न दिसणारा उंबरठा खेळणाऱ्याला फसवणूक वाटतो, आणि ती असतेच.

गवताच्या ग्रहाला घड्याळ द्या. बांबूही गवतच; मिझोराममधला मावताक बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो, बिया पडतात, उंदीर माजतात, मग ते भातावर येतात. एवढं वाचलंत की तो ग्रह तुमचा तुम्हालाच सुचेल. किड्यांच्या ग्रहाबद्दल माझं मत जरा कडू आहे: राणी मारली की सगळे मेले, हे सोडून द्या. फार वापरून झालंय. तिथेही आधी विचारा की एवढे किडे ग्रहभर खातात काय.

सहाही ग्रह एकदम हाती घेऊ नका. एक घ्या, जमिनीवर आखा, आणि स्ट्रॅटेजी गेम कधीच न खेळलेल्या कुणाला बसवा. दोन डावांनंतर विचारा, "तिथे काय केलंस?" उत्तरात त्या ग्रहाशिवाय दुसरीकडे न चालणारी एखादी करामत आली, तर पुढच्या ग्रहाला हात घाला. "साफ केलं आणि खणलं" असं आलं, तर पुन्हा पोटापासून सुरू करा.

नावांचंही विचारलंयत तुम्ही. मी त्या अंगणातल्या ग्रहाला चांगलं भारदस्त ग्रीक नाव दिलं होतं. पोट्ट्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं 'बेशरम' केलं, नाल्याकाठी कितीही तोडली तरी फुटणाऱ्या त्या झुडपावरून. कोडमध्ये अजून तेच आहे.